टाचांच्या भेगांसाठी भिरंडेल की पेट्रोलियम जेली?

भातलावणीच्या चिखलाने टाचा फुटल्या की घरचे भिरंडेल लावावे की दुकानातील पेट्रोलियम जेली, असे कुडाळच्या वहिनींनी विचारले.

साध्या जेलीच्या डबीवर घटक एकच असतो, पेट्रोलॅटम. भिरंडेल ही कोकमाच्या बियांची चरबी असून तिच्यात स्टिअरिक व ओलेइक आम्ले मुख्य असतात. त्वचेतील ओलावा अडवण्यात पेट्रोलॅटम सरस आहे, आणि ते खवटही होत नाही. भिरंडेलाचा पिवळट, कडक गोळा मात्र साधारण 40 अंशांना वितळतो, त्यामुळे तो पळीत पातळ करून, सोसेल इतका कोमट असताना भेगेत सोडावा लागतो. गार होताच तो तिथेच घट्ट बसतो आणि जेलीइतका चिकटत नाही, हा त्याचा खरा गुण होय.

‘कोकम बटरयुक्त’ क्रीम हा तिसरा मोह टाळावा, असे मला कळकळीने वाटते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात. ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’, म्हणजे भिरंडेलच, सुगंधाच्याही खाली असेल, तर ते नावापुरतेच असते.

घरी कोकमे फोडली जात असतील आणि रात्री पाच मिनिटे मिळत असतील, तर भिरंडेल घ्यावे. ज्यांना रोज पहाटे शेतात उतरायचे आहे, त्यांनी रात्री ओलसर टाचांवर जेली लावून मोजे घालावेत. भेगांतून रक्त किंवा पू येत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.