व्होर्झिशेक वाजवायला घेताना : आधी ऱ्हाप्सोडी की इम्प्रॉम्प्टू?

चेक संगीतकार तोमाशेकच्या एक्लॉग (पियानोसाठीच्या छोट्या रचना) वाजवून झाल्या की त्याच्या शिष्याकडे, यान व्हात्स्लाव्ह व्होर्झिशेककडे, हात आपोआप वळतात. तिथे पियानो-रचनांचे दोन संच समोर येतात: १८१८ साली छापलेल्या बारा ऱ्हाप्सोडी (ओपस १) आणि १८२२ चे सहा इम्प्रॉम्प्टू (ओपस ७). दोन्हींवर मी बरेच महिने घालवले आहेत, म्हणून अनुभवाचं सांगतो.

ऱ्हाप्सोडींमध्ये आग आहे. प्राग सोडून व्हिएन्ना गाठलेल्या तरुणाची ऊर्मी त्यांत ऐकू येते. बेथोव्हेनलाही त्या आवडल्या होत्या. नुसतं ऐकायचं असेल तर मी बिनदिक्कत याच सुचवेन.

वाजवताना मात्र मला दा कापो, म्हणजे सुरुवातीचा भाग पुन्हा वाजवण्याची सूचना, छळतो. मधला शांत भाग संपतो आणि पुन्हा पहिल्या पानावर जाऊन तीच सगळी धाव घ्यायची. त्या धावेत हाताला विसावा असा मिळतच नाही. दुसऱ्या खेपेला माझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगड होतो आणि करंगळीचे वरचे सूर अर्धेच उमटतात. त्या काळच्या व्हिएन्नातल्या पियानोच्या पट्ट्या आजच्यापेक्षा खूप हलक्या असत. त्यांवर हे जमून जात असेल. माझ्या घरच्या पियानोवर जमत नाही. दोन-तीन आठवडे हट्ट केला, शेवटी मनगट दुखायला लागलं तेव्हा थांबलो.

दा कापो इम्प्रॉम्प्टूंतही आहे. पण ए मेजर या स्केलमधल्या चौथ्यात सुरुवातीची चाल परत येते तेव्हा ती हवीशी वाटते, मधल्या भागात आपण तिचीच वाट पाहत असतो. शिवाय सहांच्या स्केलचा क्रम सी, जी, डी, ए, ई, बी असा आहे. दर रचनेला एकच शार्प (सूर अर्ध्या पायरीने चढवणारी खूण) वाढतो, त्यामुळे ओळीने शिकत गेलं तर बी मेजरचे पाच शार्प अंगावर येत नाहीत. व्हिएन्नातल्याच संगीतकार शूबर्टचे इम्प्रॉम्प्टू १८२७ चे. व्होर्झिशेक त्याआधी दोन वर्षं, चौतिसाव्या वर्षी गेला होता. शूबर्ट वाजवलेल्या बोटांना इथली वळणं ओळखीची वाटतील.

हात दमदार असेल त्याला कदाचित ऱ्हाप्सोडीच जास्त भावतील. पण एकाच संचापुरती सवड असेल तर मला वाटतं चौथा इम्प्रॉम्प्टू आधी उघडावा, आणि दा कापोच्या आधी क्षणभर थांबून मगच पान मागे उलटावं.