ऑर्थोडॉक्स आसाम पत्ती, अर्धा किलो: पुडा संपता संपता

दुधाचा चहा पिणाऱ्यांनी यात वेळ घालवू नये. डॉक्टरांनी दूध-साखर तोडल्यापासून मी कोरा घेतो आणि कोऱ्या चहात काही लपत नाही. चव कडक, भरदार, वास बरा. पुढे सगळं नितळपणाबद्दलच.

काचेच्या ग्लासात गाळून खिडकीशी धरला की तांबूस, लख्ख. पलीकडच्या पेपरातला मथळा वाचता येतो. आधीची सीटीसी पत्ती हे कधीच करू शकली नाही. ती यंत्रात चिरडून, फाडून, वळून गोळी केलेली; ऑर्थोडॉक्समध्ये पान न चिरडता नुसतं वळतात. तिचा चुरा गाळण्यातून थेट ग्लासाच्या तळाशी.

नऊशे रुपयांची पत्ती, त्यामुळे उरलेला चहा मोरीत ओतणं जमत नाही. फ्रिजमध्ये ठेवला, तर दुपारी थेंबभर दूध पडल्यासारखा गढूळ! विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर: ‘सर, पाणी तपासा.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. वैतागून दोन तारे दिले.

नंतर थोडं वाचलं. कडक चहा गार होताना त्यातलं कॅफिन आणि रंग-चव देणारी थेआफ्लेविन, थेआरुबिजिन एकमेकांना धरतात आणि चहा धुरकटतो. चहा चाखणारे याला ‘क्रीम’ म्हणतात, आणि आसामच्या चहात ते चांगल्या मालाचं लक्षण मानतात. त्याच ग्लासात उकळतं पाणी ओतलं, परत लख्ख. चहाचाच धंदा करणाऱ्याला हे दोन ओळींत सांगता येऊ नये? पत्तीला चार तारे केले. उत्तर देणाऱ्याला शून्यच.

मग पाणीकपात लागली आणि सोसायटीत टँकर आला. चहा गरम असतानाच मळकट, वर तेलकट दिसणारा तवंग, कपाला तपकिरी कडं. टँकरचं पाणी बोअरचं, जड. त्यातलं कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी मिळून ही साय धरतं. भातसा-तानसा धरणांचं पाणी नळाला आलं आणि त्याच पुड्यातला चहा पुन्हा नितळ. ‘पाणी तपासा’ हे उत्तर इथे चपखल बसलं असतं, पण तेव्हा मी त्यांना विचारलंच नव्हतं.

तेव्हा गार झाल्यावरचा धुरकटपणा चालेल; गरम असताना गढूळ दिसला तर आधी पाणी बघा, मग चुरा. लिंबू पिळून पारख करू नका, आंबटाने रंग उतरतो. आणि नुसत्या लख्ख रंगावरही भाळू नका, रंग मारलेली पत्तीसुद्धा झकास तांबडी उतरते. ओल्या टिपकागदावर पत्ती पसरा; ती काढून कागद धुतल्यावरही डाग राहिला, तर दुकान बदला.

पुढच्या वेळी हीच पत्ती, पण पाव किलो आणि दुसरीकडून. पुड्याची झिप पहिल्याच पावसात गेली, तेव्हापासून पत्ती बोर्नव्हिटाच्या बरणीत आहे. एक तारा त्याचा कापलाय.