पिंचो की व्हिला बोर्गेसे?

रोममध्ये एकच संध्याकाळ आणि सोबत सासूबाई, मग बाग कुठली, असं मैत्रीण विचारत होती. तिकीट दोन्हीकडे नाही.

टेकडीवरचं पिंचो 19व्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद वालादिएरनं आखलं. सरळ वाटा, दुतर्फा थोर इटालियनांचे अर्धपुतळे (किती जणांना ओळखाल, देव जाणे!), पाण्यावर चालणारं घड्याळ. गच्चीवरून खाली पियात्सा देल पोपोलो हा चौक, दूर सेंट पीटरचा घुमट. पण चौकातून चढताना गुडघे बोलतात.

व्हिला बोर्गेसेला 18व्या शतकाच्या अखेरीस आस्प्रुच्ची या वास्तुविशारद पितापुत्रांनी नवं रूप दिलं. सावली भरपूर, तळ्याकाठी एस्क्युलेपियस या वैद्यकाच्या देवाचं देऊळ, भाड्याच्या होड्या. पसारा मात्र अफाट.

तासभरच असेल, सूर्यास्त हवा असेल तर पिंचो. सासूबाईंना निवांत बसायचं असेल तर तळ्याकाठचा बाक.