ग्लोबल ब्रँड डेटाबेस : अर्जाआधीचे चार दिवस इथे घालवा

मी ऑनलाइन चित्रकला शिकवते. सरावासाठी फोनवर उतरवून घ्यायचं एक ॲपही आहे, दोन्हींचं नाव एकच. हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं, तर वस्तू आणि सेवांच्या ठरलेल्या वर्गांपैकी आपले वर्ग अर्जात निवडावे लागतात. पहिला अर्ज मी एका एजंटकडून भरून घेतला आणि तो फक्त नवव्या वर्गात गेला. नववा वर्ग म्हणजे डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर. शिकवणं येतं ४१व्या वर्गात, आणि माझं घर चालतं ते शिकवण्यावर. एकदा भरलेल्या अर्जातली वस्तू-सेवांची यादी कमी करता येते, वाढवता येत नाही. म्हणजे नवा अर्ज, नवं शुल्क आणि नवी तारीख. पैशांपेक्षा तारखेचं वाईट वाटलं, कारण दोन सारख्या नावांत आधी कोण, हे पुष्कळ देशांत अर्जाच्या तारखेवर ठरतं.

दुसऱ्या अर्जाची तयारी मी स्वतः केली, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या म्हणजे वायपोच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसवर. अनेक देशांतले ट्रेडमार्क इथे एकत्र शोधता येतात आणि तो मोफत आहे. हुबेहूब माझं नाव कुठेच नव्हतं, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग उच्चारसाम्याचा पर्याय निवडला आणि स्पेलिंग वेगळं, पण कानाला जवळजवळ तेच, अशी नावं निघाली. हा पर्याय कुणीही टाळू नये. नोंदणी कार्यालयातला परीक्षक अक्षरं जुळवत बसत नाही, ग्राहकाचा गोंधळ होईल का ते पाहतो.

खरी किंमत कळली ती वर्गाची चाळणी लावल्यावर. नीस वर्गीकरणात, म्हणजे वर्गांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, एकूण ४५ वर्ग आहेत : १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. वस्तूवर लागतो तो ट्रेडमार्क, सेवेला लागतो तो सर्व्हिस मार्क. एवढं साधं मला आधी कुणी सांगितलं असतं तर! सापडलेल्या नावांपैकी बहुतेक माझ्या कामापासून लांबच्या वर्गांतली होती. एक मात्र ४१मध्येच होतं. त्याची मुदत संपून नोंद रद्द झालेली दिसली, तरी ते नाव बाजारात अजून वापरात नाही ना, हे मी वेगळं तपासलं.

बोधचिन्हाचं चित्र चढवूनही शोधता येतं. आकार, रंग असे निकष बदलून पाहा, दर वेळी वेगळं काही हाती लागतं.

मर्यादाही आहे. सगळ्या देशांच्या नोंदी इथे नाहीत आणि नोंदणी न करता वापरात असलेली नावं तर नाहीतच. म्हणून आपल्या देशाच्या कार्यालयाची नोंदवही आणि ॲप स्टोअर वेगळं चाळावं लागतं.

अर्जातल्या यादीच्या शब्दांसाठी वायपोचंच माद्रिद गुड्स अँड सर्व्हिसेस मॅनेजर वापरलं; कुठली वस्तू किंवा सेवा कुठल्या वर्गात, हे त्यात शोधता येतं. डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर ९मध्ये, पण ऑनलाइनच वापरायला दिलेलं सॉफ्टवेअर ४२मध्ये, हा फरक मला तिथे समजला. पुढच्या वर्षी आमचं ॲप ब्राउझरमध्ये चालणार आहे, म्हणून अर्जात ४२ही घातला.

अर्ज भरल्यापासून सहा महिन्यांत औद्योगिक संपदेच्या (हवामानाच्या नव्हे) पॅरिस कराराच्या इतर देशांत अर्ज केला, तर पहिलीच तारीख धरली जाते. तो दिवस मी कॅलेंडरवर लाल रंगाने लिहून ठेवलाय. सध्या अर्ज परीक्षणातून पार पडून प्रसिद्ध झालाय, हरकतींची मुदत चालू आहे. तोवर नावापुढे टीएम, म्हणजे ट्रेडमार्कची आद्याक्षरं, लिहिते. गोलातला आर, म्हणजे नोंदणीकृत असल्याची खूण, नोंदणी झाल्यावरच.