आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा अनुभव (कोल्हापूर, खाजगी हॉस्पिटल)

सर्जनना पूर्ण मार्क. ओपीडीत त्यांनी माझ्याशी नाही, थेट आईशी बोलायला सुरुवात केली, कागदावर पित्ताशय, नळी, खडे असं सगळं काढून दाखवलं आणि सांगितलं की दुर्बिणीनं करतोय पण आत चिकटलेलं असेल तर पोट उघडून करावं लागेल, नळीला इजा व्हायची शक्यता कमी असते पण असते. मग म्हणाले, आता काकू तुम्ही मला सांगा काय समजलं ते. आईनं बरोबर सांगितलं, आणि ऑपरेशन नाही केलं तर काय होईल हेपण तिनंच विचारलं. हे फार आवडलं.

पण अॅडमिशन काउंटर! तिथं संमतीपत्र इंग्लिशमध्ये, अर्ध्या जागा कोऱ्या, आणि 'इथं सही करा, नातेवाईकाची चालेल'. का चालेल? पेशंट शुद्धीत आहे, सज्ञान आहे. २००८ च्या समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की तपासणीच्या दुर्बिणीला दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, त्या पेशंटच्या आईनं दिलेली परवानगीपण नाही, कारण पेशंट स्वतः सज्ञान होती आणि घाई करण्यासारखं काही नव्हतं. मी मराठी फॉर्म मागितला तर ड्रॉवरमधून निघाला की! म्हणजे असतो, देत नाहीत. भुलीचा फॉर्म वेगळा असतो, तोपण वाचून घ्या, भूलतज्ज्ञांना भेटल्याशिवाय त्यावर सही नको. चार स्टार, एक काउंटरमुळे कापला.