डोंबिवली पूर्वेचं पाळणाघर, रात्री साडेआठपर्यंत उघडं

मुलगी अडीच वर्षांची आहे आणि जूनपासून इथे जाते. आधी वेळेचं सांगते, कारण इकडची बरीच पाळणाघरं सहाला बंद, म्हणजे सीएसएमटीला नोकरी करणाऱ्या बाईने साडेचारलाच पर्स उचलायची, आणि रोज साडेचारला निघणारीला मोठं प्रोजेक्ट कोण देणार? आधीच्या ठिकाणी सहा वाजून गेले की फोन यायचा तोही मलाच, नवऱ्याचं ऑफिस ठाण्यात, त्याला यायला सोपं, तरी मलाच. इथे ॲडमिशनच्या फॉर्मवर ‘पहिला फोन कोणाला करायचा’ असा रकानाच आहे, आम्ही बाबाचा नंबर लिहिला आणि ताप आला तेव्हा ताईंनी खरंच त्यालाच बोलावलं, मी मीटिंग संपवून बाहेर आले तर त्याचा मेसेज, डॉक्टरकडे जाऊन आलो, झोपलीय. खूप बरं वाटलं.

माझी आई बँकेत होती, बीकॉम फर्स्ट क्लास, पण ऑफिसरची परीक्षा दिलीच नाही कारण प्रमोशन म्हणजे बदली, मग घरी आजीचं, आमचं, स्वयंपाकाचं कोण बघणार. तिच्यानंतर लागलेले पुरुष मॅनेजर झाले आणि ती रिटायर होईपर्यंत काउंटरवरच. २०१७ ला कायदा बदलून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, चांगलंच झालं, पण आमचं ऑफिस छोटं, आम्हाला ते लागू नाही, आणि रजा संपल्यावर पुढची वर्षं काय? सगळे म्हणतात आजी आहे ना. आईने एकदा सगळं सोडलंय, पुन्हा तिलाच अडकवायचं नाही हे माझं पक्कं होतं.

बाकी जेवण साधं, वरणभात तूप, चारला नाचणीची खीर, मुलांना स्वतःच्या हाताने खायला लावतात म्हणून कपड्यांचे दोन जोड जास्त द्या. जागा लहान आहे, पावसाळ्यात मुलं कोंडल्यासारखी होतात. फी जास्तच, साडेसहानंतरचे पैसे वेगळे, पण लोकल बंद पडल्या त्या रात्री ताई नऊच्या पुढेपर्यंत थांबल्या आणि वर एक पैसा घेतला नाही. एकच सांगणं, व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव अजून ‘मम्मीज’ आहे आणि त्यात एकही बाबा नाही, त्यांना घ्या.

जागा जूनमध्ये भरतात, एप्रिलमध्येच जाऊन नाव लिहा, दोघंही जा, फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात.