कॅनडात आश्रय नाकारला: अपील विभाग की फेडरल कोर्ट?

कुटुंबाचा निर्वासितत्वाचा दावा फेटाळला की लोक थेट ‘कोर्टात जाऊ’ म्हणतात. पण अपीलाचा हक्क असेल, तर आधी निर्वासित अपील विभागाकडेच जावं लागतं. अमेरिकेच्या सीमेवरून सुरक्षित तिसरा देश कराराच्या (कॅनडा-अमेरिकेपैकी आधी पोहोचलेल्या देशातच आश्रय मागावा, असा दोघांमधला करार) अपवादाखाली आलेल्यांना तो हक्क नाही; त्यांच्यापुढे फेडरल कोर्टच.

अपील विभाग मूळ निर्णय बरोबर होता का ते तपासतो आणि स्वतःच दावा मान्यही करू शकतो. नवा पुरावा चालतो, मात्र तो निकालानंतरचा किंवा आधी मिळण्याजोगा नसलेला हवा. घरात पडून राहिलेली पोलीस तक्रार इथे सहसा कामाची नाही.

फेडरल कोर्टात आधी प्रकरण ऐकून घेण्याची परवानगी मागायची, तीही साधारण १५ दिवसांत. नाकारली तर त्यावर अपील नाही. मिळाली तरी न्यायाधीश आश्रय देत बसत नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या ‘वाविलोव्ह’ निकालानुसार निर्णय तर्कसंगत होता का, हेच मुख्यतः बघतात. नसेल तर प्रकरण फेरनिर्णयासाठी परत. म्हणजे जिंकूनही पुन्हा वाट बघणं आलंच! नवी कागदपत्रं तर तिथे जवळजवळ चालतच नाहीत. म्हणून वकिलाचे पैसे आणि पुराव्याची धावपळ, दोन्ही मी अपील विभागावरच खर्च करेन.